मिसळणाच्या डब्यातले इजिप्तचे देव

आमच्या हैदराबादेतल्या विद्यानगरच्या घरी इजिप्तचे देव आले ते सिकंदराबादहून, कागदाच्या एका सुरळीतून, आणि सासूबाईंनी त्यांची सोय केली ती मिसळणाच्या डब्यात. यात त्यांचा अपमान करायचा हेतू नव्हता. आमच्या घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल मान कुणाला असेल तर तो मिसळणाच्या डब्यालाच होता, आणि सासूबाईंकडे असे दोन डबे होते. एक स्वयंपाकाचा आणि एक मण्यांचा.

मी पुण्याहून लग्न होऊन आले तेव्हा माझ्याबरोबर दोन सुटकेस आणि पुष्कळशी मतं होती. सुटकेस आठवडाभरात रिकाम्या झाल्या, मतं काही वर्षं पुरली. इकडचे मराठी लोक 'हौ' म्हणतात आणि 'नक्को' म्हणतात, आमटीत चिंच जास्त घालतात आणि घाई कमी करतात, असं मी माहेरी पत्रात कळवलं होतं. सासरची माणसं मूळची नांदेडकडची, निजामाच्या राज्यातल्या शेतकरी घरातली. सासरे सिकंदराबादला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले. नवरा कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. कंपनी नेमकं काय करते हे त्याने मला तीनदा समजावून सांगितलं आणि तिन्ही वेळा मी मान डोलावली.

ते दिवस देश उघडण्याचे आहेत, असं वर्तमानपत्रात येत असे. आमच्यापुरता तो उघडला म्हणजे गच्चीवरून केबलची तार खाली आली, कोपऱ्यावर काचेच्या दाराचं दुकान आलं, आणि त्या दुकानात बाहेरच्या देशांतल्या प्लॅस्टिकच्या वस्तू आल्या. त्यातली एक वस्तू पुढे मला फार महागात पडली.

सासूबाई मण्यांचं काम करत. आसपासच्या मराठी घरांत मुलीचं लग्न ठरलं की रुखवतासाठी पहिला निरोप त्यांना यायचा. काचेच्या बारीक मण्यांनी मढवलेला नारळ, मण्यांचा पोपट, चौरंगावरचा रुमाल, देव्हाऱ्याची महिरप. मला हे सगळं धूळ खाणारं सामान वाटायचं. मी तसं कधी बोलले नाही. पण पुण्याच्या माणसाला न बोलताही बोलता येतं, असं नंतर सासूबाईच म्हणाल्या.

त्यांचे मणी मिसळणाच्या डब्यात असत आणि प्रत्येक रंगाची वाटी ठरलेली होती. हळदीच्या जागी पिवळे, तिखटाच्या जागी लाल, मोहरीच्या जागी काळे. जिऱ्याच्या जागी पांढरे. धण्यांच्या जागी हिरवे, कारण धणे पेरले की कोथिंबीर येते. निळ्याला मसाल्यात नातेवाईक नाही, म्हणून त्याला मेथ्यांची वाटी मिळाली होती. मधल्या वाटीत, हिंगाच्या मानाने, सोनेरी. ओवताना त्या डब्याकडे बघत नसत. सुई धरलेला हात आपोआप हव्या त्या वाटीत जायचा, सुई मण्यांत दोनदा फिरायची आणि टोकावर चार-पाच मणी घेऊन परत यायची. मी एकदा कौतुकाने विचारलं तर म्हणाल्या, "फोडणी घालताना तू काय डब्यात बघतीस?" मी बघायचे, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

रोज सकाळी शाळेत जाण्याआधी मी त्यांना दहा सुया ओवून द्यायच्या असा दंडक होता. दहा सुया, दहा लांब दोरे, छोट्या उशीत रांगेने टोचून ठेवायचे. मी जवळच्याच एका शाळेत शिकवत होते. बाहेर मुलं हिला बाई म्हणत असली तरी घरात हिला सुई ओवावी लागते, हे माझ्या लक्षात राहावं म्हणून ही योजना असणार, असं माझं मत होतं. मतं होतीच.

सिकंदराबादला फौजेतल्या एका अधिकाऱ्याच्या बायकोचं कपड्यांचं आणि दागिन्यांचं दुकान होतं. बाईंचे केस कापलेले, बोलणं गोड आणि नजर पक्की. कुणाच्या तरी लग्नात त्यांनी सासूबाईंचा मण्यांचा नारळ पाहिला आणि आठ दिवसांनी त्या पत्ता शोधत घरी आल्या. नव्या कंपन्यांमुळे हैदराबादेत परदेशी पाहुणे यायला लागले होते, आणि त्या पाहुण्यांना म्हणे भारतात येऊन इजिप्तच्या धर्तीचे दागिने घ्यायचे होते. याचं कारण मला आजही कळलेलं नाही. बाईंनी सुरळी उलगडली. गळ्यालगत सुरू होऊन खांद्यांपर्यंत पसरणारा पाचपदरी हार, आणि मधोमध एक पदक. पदकात कुठे किडा, कुठे मांजर, कुठे ससाण्याच्या डोक्याचा देव, कुठे नुसता एक डोळा. प्रत्येकाचे तीन, असे बारा हार दोन महिन्यांत हवे होते.

सासूबाईंनी चित्रं डोळ्यांच्या अगदी जवळ धरून पाहिली आणि सासऱ्यांकडे दिली. "ही कोण मंडळी हैत ते आधी कळू दे," त्या म्हणाल्या. "अनोळखी देव मी ओवत नाही."

सासऱ्यांना एवढं निमित्त पुरलं. दर रविवारी अबिड्सच्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं आणायचा त्यांना नादच होता. पुढच्या रविवारी त्यांनी मिसर देशाच्या, म्हणजे इजिप्तच्याच, पुराणकथांचं एक पुस्तक पैदा केलं. ते उर्दूत होतं. सासरे आणि सासूबाई दोघंही निजामाच्या काळात उर्दू शाळेत गेलेले, सासरे मॅट्रिकपर्यंत आणि सासूबाई चौथीपर्यंत. घरात पदवीधर मी, आणि त्या पुस्तकापुढे अंगठेबहाद्दरही मीच. रोज संध्याकाळी चहा झाला की सासरे एक कथा वाचून ती मराठीत सांगायचे आणि सासूबाई हात चालू ठेवून ऐकायच्या.

सासऱ्यांबद्दल एक सांगायला हवं. गाडी दोन मिनिटं उशिरा आली असेल तर ती वेळेवर आली असं ते मरेपर्यंत म्हणाले नसते, समोरचा पाहुणा कितीही खूश असो. पुस्तकाशीही ते तसेच वागत. जेवढं छापलंय तेवढंच सांगायचं, पुढचं विचारलं तर "लिहिलेलं नाही" म्हणून मोकळं व्हायचं.

पहिली कथा किड्याची आली. शेणाचा गोळा ढकलत नेणारा किडा, आणि मिसरी लोकांना त्याच्यात सूर्य ढकलणारा देव दिसला. सासूबाईंनी सुई खाली ठेवली. "शेणकिडा गळ्यात घालायचा?" मग म्हणाल्या, "आपण गोवऱ्या थापतो, शेणानं सारवतो. त्यांनी किड्याला देव केलं तर आपण कशाला नावं ठेवावी. करते." मांजरीचा तर प्रश्नच आला नाही. "ही सटवाईची मांजर," त्यांनी जाहीर केलं, "तिकडं कुणी नेली असंल." ससाण्याच्या डोक्याचा देव म्हणजे होरस. त्याला त्यांनी गरुडाच्या पंगतीत बसवलं आणि त्याच्या कपाळावर गंध ओवायचं ठरवलं. मी म्हटलं, आई, चित्रात गंध नाही, दुकानवाल्या बाई काय म्हणतील. "काय म्हणतील? देवाचं कपाळ मोकळं बरं दिसतं का?"

अडलं ते डोळ्यापाशी. सासऱ्यांनी कथा सांगितली. होरसच्या काकाने राज्यासाठी होरसच्या बापाला मारलं. सासूबाईंच्या माहेरी शेताच्या बांधावरून दोन पिढ्या कोर्ट चाललं होतं, त्या एकदम सावरून बसल्या. "म्हणजे भाऊबंदकीच," त्या समाधानाने म्हणाल्या. पुढे पोरगा मोठा झाला, काकाशी लढला, आणि लढाईत काकाने त्याचा एक डोळा फोडला. मग विद्येच्या देवाने त्या डोळ्याचे तुकडे गोळा करून तो पुन्हा जोडला, आणि तेव्हापासून लोक तसा डोळा रक्षणासाठी गळ्यात घालू लागले.

"अन् दुसरा डोळा?" सासूबाईंनी विचारलं.

"दुसरा शाबूत होता."

"मग तो बी ओवावा लागंल. एकटा डोळा मी करणार नाही."

मी समजावलं, की आई, ऑर्डर एका डोळ्याची आहे, तीच तर त्यातली गंमत आहे. "देवीला चांदीचे डोळे वाहतात तर कुणी एक वाहतं का?" त्या म्हणाल्या, आणि सुई पुन्हा मण्यांत घातली. मी मनात म्हटलं, झालं, दृष्ट आणि करणी सुरू झाली. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या मनातलं किती पटकन कळतं.

वाद मिटेना तेव्हा सासऱ्यांनी तोडगा काढला, की खरी वस्तूच बघून येऊ. नामपल्लीच्या बागेतल्या संग्रहालयात इजिप्तहून आणलेली एक ममी आहे, एका तरुण मुलीची. आम्ही तिघं गेलो. सासूबाई काचेपाशी गेल्या आणि काचेला नाक टेकेपर्यंत वाकल्या. पहारेकरी उठून आला. "शीशे कू हात नक्को लगाओ अम्मा." सासूबाई वळल्यासुद्धा नाहीत. "हात कहाँ लगाई मैं? नाक लगी." पहारेकऱ्याला नाकाबद्दलचा नियम ठाऊक नसावा, तो परत जाऊन बसला. सासूबाई बराच वेळ तशाच वाकून होत्या. मग हात जोडून म्हणाल्या, "लेकराला माहेरापासून किती लांब आणून ठेवलंय." बाहेर आल्यावर मी विचारलं, तिच्या छातीवर हार रंगवलाय त्याचे पदर मोजले का. "मोजले." किती होते? "पुरेसे होते," त्या म्हणाल्या आणि रिक्षा बघायला लागल्या.

किड्यांचे तीन हार झाले आणि मग मी माझी कर्तबगारी दाखवली. कोपऱ्यावरच्या काचेच्या दाराच्या दुकानात मला एक पारदर्शक पेटी दिसली. अठरा कप्पे, प्रत्येकाला वेगळं झाकण, आणि झाकण बंद होताना असा आवाज यायचा की वाटावं देशाची प्रगती होते आहे. सासूबाई देवळात गेल्या असताना मी डब्यातले सगळे मणी पेटीत भरले, इंद्रधनुष्याच्या क्रमाने लावले, आणि प्रत्येक कप्प्यावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली: निळा, हिरवा, काळा. रिकामा डबा घासूनपुसून त्यात खडा मसाला भरून टाकला. सासूबाई आल्या. त्यांनी पेटीवरून हात फिरवला, झाकणं एकेक करून चाचपली. "छान हाय," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "डबा कुठंय?" मी सांगितलं. त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, भारावल्या.

त्यानंतर माझ्या शाळेत परीक्षा सुरू झाल्या आणि पेपर तपासण्यात महिना गेला. झालेला हार सासूबाई जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवून द्यायच्या. बघू का म्हटलं तर "सगळे होऊ दे." मी सकाळी दहा सुया ओवून द्यायचे आणि शाळेत पळायचे. बारा हार मुदतीच्या दोन दिवस आधी तयार झाले आणि आम्ही दोघी रिक्षाने सिकंदराबादला निघालो. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. फडक्याचं गाठोडं त्यांनी वाटेत कुणाच्या हाती दिलं नाही.

दुकानवाल्या बाईंनी काउंटरवर मखमल अंथरली. पहिले तीन हार किड्यांचे निघाले. निळ्या-सोनेरी पदरांमध्ये ते किडे इतके दिमाखात बसले होते की बाई नुसत्या "वाह, माँजी" म्हणत राहिल्या. मी मान ताठ केली, जणू किडे मीच घातले होते. मग चौथं फडकं उघडलं. त्यात मांजर होती आणि ती हिरवी होती. पुढची अर्धी हिरवी, अर्धी काळी. होरसचा चेहरा निळा आणि चोच पांढरी झाली होती, गंध मात्र बरोबर कपाळाच्या मधोमध होतं, तेही हिरवंच. पदरांमध्ये निळ्याच्या जागी काळा, काळ्याच्या जागी हिरवा, मध्येच सोनेरीच्या जागी लाल. वीण एका मण्यानेही चुकलेली नव्हती, चुकले होते ते रंग. शेवटच्या तीन हारांतून डोळ्यांच्या तीन जोड्या आमच्याकडे बघत होत्या, आणि एकाही जोडीतला एक डोळा दुसऱ्यासारखा नव्हता.

बाई हसायला लागल्या होत्या त्या थांबल्या. "माँजी, तबीयत ठीक नहीं थी क्या?" त्यांनी फार हलक्या आवाजात विचारलं. सासूबाई हसऱ्या चेहऱ्याने त्यांच्या मागच्या भिंतीकडे बघत होत्या. बाईंनी तीन हार ठेवून घेतले, नऊ परत दिले आणि म्हणाल्या, सवड मिळेल तेव्हा करा, मी थांबेन. त्या इतक्या चांगुलपणाने बोलल्या त्याचाच मला जास्त राग आला.

रिक्षात तो राग उतू गेला. मी म्हटलं, आई, इतकी सुंदर पेटी आणून दिली, चिठ्ठ्या लावून दिल्या. निळ्यातला आणि हिरव्यातला फरकसुद्धा कळत नाही का तुम्हाला?

"नाही," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्या चिडून बोलतायत. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्या चिडलेल्या नव्हत्या. मांडीवरच्या गाठोड्यावर दोन्ही हात ठेवून त्या समोर बघत होत्या. "काळ्यातला बी नाही कळत. वर्ष झालं. वाटी कुठली ते हाताला ठाऊक होतं, म्हणून चाललं होतं. तुझ्या चिठ्ठ्या मला दिसल्याच नाहीत, पोरी."

त्या रिक्षात मला दहा सुया आठवल्या, काचेला टेकलेलं नाक आठवलं आणि 'पुरेसे होते' आठवलं. वर्षभर हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मला त्यात सासू दिसत होती, बाई दिसली नव्हती. मला फार लाज वाटली. विद्यानगरच्या वळणावर सासूबाईच म्हणाल्या, "घरी सांगू नक्को. सांगितलं की ऑपरेशन म्हणतील." मग त्यांनी मला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. गावात डोळ्यांचा कॅम्प आला होता, शाळेच्या वर्गात बाकं जोडून ऑपरेशनं केली. आईचा एक डोळा पिकला आणि गेला. दुसरा होता, पण तो असून उपयोग झाला नाही. "आधी तिच्या हातातली सुई काढून घेतली. लागंल म्हणून. मग विळी काढून घेतली, मग चूल. ओसरीवर बसवली. ती बसली. मरंपर्यंत बसलीच."

एकटा डोळा त्या का ओवत नव्हत्या ते मला तेव्हा कळलं.

मी कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं आणि घरी गेल्यावर चहा उकळायच्या आत सांगून टाकलं. नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी एका डोळ्यांच्या दवाखान्याचा कागद आणला आणि आईला समजावायला बसला. मोतीबिंदूचं आता पूर्वीसारखं नसतं, जाड भिंगाचा चष्मा लागत नाही, डोळ्याच्या आतच भिंग बसवतात, ते बाहेरच्या देशातून येतं. "बाहेरून आलेली पेटी बघितली मी," सासूबाई म्हणाल्या. मी खडा मसाला काढला, डबा घासला, आणि सासूबाईंसमोर बसून एकेक वाटी त्यांना विचारून भरली. त्या डोळे मिटून वाट्यांच्या कडा चाचपत सांगत गेल्या: ही मोहरी, ही हळद, ही मेथ्या. मण्यांना पुढे कितीतरी दिवस लवंगेचा वास येत होता. डबा परत मिळाल्यावर त्यांनी मांजरी उसवल्या आणि पुन्हा ओवायला घेतल्या. ऑपरेशनचं नाव काढलं की मात्र त्या उठून आत जायच्या. आम्ही त्यांच्या हातातून सुई काढून घेऊ, असंच त्यांना वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर अजून एखाद्या वर्षाने आम्ही ती काढून घेतलीही असती.

या सगळ्या दिवसांत सासऱ्यांचा क्रम चुकला नव्हता. ते संध्याकाळी पुस्तक उघडायचे, कथा वाचायचे, पुस्तक मिटायचे. होरसचे दोन हार झाले, तिसरा अर्ध्यावर आला. एका संध्याकाळी सासूबाईंनी सुई न थांबवता विचारलं, "त्या पोराचा डोळा परत बसवला म्हणालात. मग त्याला त्यानं दिसलं का? का नुसता दाखवायला बसवला?"

सासऱ्यांनी चष्मा पुसला. पुस्तक उघडून ते पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं. "लिहिलंय," ते म्हणाले. "डोळा जोडला आणि त्याला दिसायला लागलं. लख्ख. पहिल्यापेक्षा चांगलं."

"लिवलंय?"

"लिहिलंय की. हे काय."

सासूबाईंनी दोरा ओढून गाठ मारली. बराच वेळ त्या बोटांनी होरसच्या चोचीचा मणी चाचपत होत्या. मग म्हणाल्या, "एकच करू आधी."

ऑपरेशनच्या दिवशी नवरा फॉर्म भरत होता, मी सारखं पाणी पीत होते, आणि सासरे बाकावर ते उर्दू पुस्तक घेऊन बसले होते. अर्ध्या तासात त्यांनी एकही पान उलटलं नाही. मला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याला वाचनात गुंगायला बरं जमतं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं दाखवून विचारलं, किती आहेत. सासूबाई त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होत्या. "बोटं दोन," त्या म्हणाल्या, "आन् माझ्या सुनेनं साडीला गंजकी पिन लावलीय." सासरे बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

पुढचा महिना मला जड गेला. घरात अचानक पंख्यावर धूळ निघाली, ओट्यामागची भिंत काळी निघाली, मी वर्षभर स्वच्छ म्हणून लावत आलेली भांडी चिकट निघाली. काळा चष्मा लावून सासूबाई घरभर फिरायच्या आणि रोज काहीतरी शोधून काढायच्या. मग एके दिवशी त्यांनी परत आलेल्या हारांतला न उसवलेला एक मागितला, डोळ्यांच्या जोडीचा. तो उजेडात धरून त्यांनी पाहिला, आणि त्या जमिनीवर बसून हसायला लागल्या. "हे घेऊन तू मला दुकानात नेलीस? ठेवणीतली साडी नेसवून?" डॉक्टरांनी रडायचं नाही असं बजावलं होतं. हसण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं, पण हसता हसता पाणी आलंच.

दीड महिन्याने वाचायचा चष्मा मिळाला. त्या दुपारी सासरे वर्तमानपत्र वाचत होते आणि मी वह्या तपासत होते. सासूबाईंनी पहिली गोष्ट मागितली ती सुई नव्हती, सासऱ्यांचं ते पुस्तक होतं. चौथीपर्यंतची उर्दू, तीही इतक्या वर्षांनी. त्या ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, अक्षर अक्षर जुळवत वाचत होत्या. काकाचं पान गेलं, लढाईचं पान गेलं. डोळ्याचं पान त्यांनी दोनदा वाचलं.

"ह्यात तसं लिवलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"काय?" सासऱ्यांनी वर्तमानपत्र थोडं वर उचललं.

"त्याला दिसायला लागलं म्हणून."

वर्तमानपत्राचं एक पान उलटलं गेलं. "छापायचं राहिलं असेल," सासरे म्हणाले.

मी लाल पेन तसंच हातात धरून बसले. गाडीची दोन मिनिटं न सोडणारा माणूस आमच्यासमोर बोट ठेवून खोटं बोलला होता, तेही छापील पुस्तकाचा हवाला देऊन, आणि ते मला कळायला मार्गच नव्हता, कारण मला ती लिपी येत नव्हती. सासूबाईंनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली, समासात काहीतरी लिहिलं आणि पुस्तक मिटलं. मग उशीतली एक सुई उपसली, दोऱ्याचं टोक ओलं केलं, आणि दुसऱ्या खेपेला स्वतः सुई ओवली. डबा पुढे ओढून त्यांनी मेथ्यांच्या वाटीत आधी नीट बघितलं. त्या दुपारी त्यांनी पहिला एकटा डोळा ओवायला घेतला. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख त्या पुढच्या आठवड्यात स्वतः जाऊन ठरवून आल्या.

सिकंदराबादच्या बाईंना त्यांचे नऊ हार मिळाले. डोळ्यांची एक जोडी मात्र मी उसवू दिली नाही. ती माझ्याकडे आहे, एक डोळा निळा आणि एक जवळजवळ काळा. पुस्तकही माझ्याकडेच आहे. ते दोघं जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि मला अजूनही उर्दू वाचता येत नाही. पण त्या पानाच्या समासात, उर्दू ओळींच्या शेजारी, पेन्सिलीने वेड्यावाकड्या मराठीत लिहिलंय, 'त्याला दिसलं.' पुस्तक उर्दू आणि तुम्ही मराठीत का लिहिलंत, असं मी त्यांना विचारलं होतं.

"यांना ठाऊकच हाय," त्या म्हणाल्या होत्या. "तुला वाचता यावं म्हणून."